मावा वेगळा, तुडतुडा वेगळा
तुमचा लेख मस्त, पण आंब्याच्या मोहोरावरचा चिकटा मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीमुळे पडतो असं त्यात सरसकट लिहिलंय ते खटकलं. आमच्याकडे रत्नागिरीत हापूसवर चिकट थेंब आणि मग पानांवर काळी बुरशी दिसली तर बहुतेक वेळा काम तुडतुडा या दुसऱ्या रस शोषणाऱ्या किडीचं असतं, मोहोर जरा हलवला की टणाटण उडतात ते. मावा उडी मारत नाही, सोंड खुपसून जागेवर बसतो. बघायचाच असेल तर परसातल्या कागदी लिंबाची कोवळी पालवी उलटी करा, काळे ठिपके दाटीवाटीने आणि मधेमधे टाकलेल्या पांढऱ्या काती.

झाडाच्या रसात साखर बक्कळ पण अमिनो आम्लं कमी, म्हणून मावा नुसता पीत सुटतो आणि जास्तीची साखर मागून बाहेर, बाकीची कमतरता अंगातले बुखनेरा नावाचे जिवाणू भरून काढतात. पैदास तर विचारूच नका, नराची गरजच नाही, मादी थेट जिवंत पिल्लं घालते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढत असते!! गर्दी झाली की पंखवाल्या माद्या निघतात, चालल्या दुसऱ्या झाडावर.

त्या साखरेसाठी मुंग्या राखण करतात, मावा खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) आले की हुसकावतात. त्यामुळे फवारा मारण्याआधी खोडावरची मुंग्यांची ये-जा बंद करा, निम्मं काम ढालकिडेच करतील. केळीवर मात्र हयगय नको, पर्णगुच्छाचा (शेंड्याला पानांचा झुपका होणारा रोग) विषाणू मावाच पसरवतो, तसं झाड दिसलं तर आधी मावा मारून मग कंदासकट उपटा.