कोमुनाल्कातले राजपुत्र

आज सकाळी आमच्या जुन्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर मॉस्कोच्या सहलीची चर्चा चालली होती. काय काय पाहावे अशी विचारणा झाली, म्हणून मी भाबडेपणाने लिहिले की एक सकाळ दोन्स्कोय मठासाठी राखून ठेवा आणि गोलित्सिन या सरदार घराण्याने आपल्या मृतांसाठी तिथे बांधलेले देवदूत मिखाईलचे चर्च निदान बाहेरून तरी पाहून या. त्यावर पहिले उत्तर आले, "एवढे पैसे खर्चून थडगी बघायची?" त्याचे मला विशेष वाटले नाही, कारण तो मित्र ताजमहालाबद्दलही हेच म्हणतो. दुसरे उत्तर मात्र अशा मित्राचे होते, ज्याच्याबरोबर मी मोर्च्यांत चालले आहे आणि ज्याच्या कपाटातली पुस्तके वाचून मी शहाणी झाले आहे. त्याने लिहिले, "भूदासांच्या रक्तावर उभारलेली सरंजामदारांची थडगी. क्रांतीने तेव्हाच सपाट करायला हवी होती." त्याखाली चार अंगठे उमटले आणि माझा चहा तसाच निवत राहिला.

हे वाक्य मला इतके झोंबले, कारण जवळजवळ हेच वाक्य मी स्वतः 1986 च्या फेब्रुवारीत त्याच चर्चमध्ये उभी राहून म्हटले होते.

पुण्यात चार वर्षे रशियन शिकून मी दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी मॉस्कोला गेले होते. दोन्स्कोय मठात तेव्हा वास्तुकला संग्रहालयाची शाखा होती आणि मिखाईलच्या चर्चमध्ये स्मारकशिल्पे मांडलेली होती. दाराशी बुटांवरून चढवायच्या कापडी सपाता दिल्या जात आणि त्या घालून आम्ही फरशीवरून अक्षरशः घसरत चाललो होतो. कोपऱ्यात खुर्चीवर लोकरी शाल पांघरलेली एक सत्तरीची राखणदार बाई बसली होती. मी माझ्या कच्च्या रशियनमध्ये तिला ऐटीत विचारले की या शोषकांची थडगी तुमच्या देशाने जपून का ठेवली आहेत. तिने आधी माझी चुकलेली विभक्ती दुरुस्त केली, शब्द दोनदा उच्चारून दाखवला आणि मग म्हणाली, "मुली, ही कोमुनाल्का आहे. गोलित्सिनांना आता शेजारी सांभाळून राहावे लागते."

कोमुनाल्का म्हणजे सोविएत काळातले सामायिक घर. एखाद्या श्रीमंताचे प्रशस्त निवासस्थान ताब्यात घेऊन त्याच्या खोल्याखोल्यांत वेगवेगळी कुटुंबे भरली जात, स्वयंपाकघर सगळ्यांचे एकच असे आणि मूळ मालक नशीबवान असेल तर त्यालाही त्यातली एक खोली मिळे. त्या वेळी मी नुसती हसले. तिने केवढी मोठी गोष्ट सांगितली होती, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

रशियन भाषेत अशा चर्चला उसिपाल्नित्सा म्हणतात, म्हणजे शब्दशः निजवण्याची जागा. दोन्स्कोय मठ 1591 मध्ये क्रिमियाच्या खानाची स्वारी मॉस्कोच्या वेशीवरून परतली त्याची आठवण म्हणून स्थापन झाला, पण सरदारांचे दफनस्थान म्हणून त्याची भरभराट झाली ती प्लेगनंतर. 1771 मध्ये प्लेगने मॉस्कोत हाहाकार माजवला असताना लोक एका वेशीवरच्या चमत्कारी प्रतिमेचे चुंबन घेण्यासाठी झुंडीने लोटत होते. या गर्दीतून रोग पसरतो हे ओळखून आर्चबिशप आम्व्रोसी यांनी ती प्रतिमा हलवण्याचा आदेश दिला. जमाव खवळला, आम्व्रोसी दोन्स्कोय मठात जाऊन लपले आणि जमावाने त्यांना तिथून बाहेर ओढून ठार मारले. (ज्यांनी आपल्याकडचा महामारीचा काळ डोळे उघडे ठेवून पाहिला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.) या साथीनंतर शहरातल्या वस्तीतल्या चर्चांच्या आवारात पुरण्यास बंदी आली. गरिबांसाठी शहराबाहेर नव्या दफनभूमी निघाल्या आणि ज्यांच्याकडे पदवी व पैसा होता त्यांनी मठांकडे मोर्चा वळवला. मृत्यूने सगळे समान होतात असे म्हणणाऱ्यांनी दफनभूमीच्या जागावाटपाचा इतिहास कधी वाचलेला नसतो.

गोलित्सिनांनी मात्र मठात नुसती जागा घेतली नाही. तिथले देवदूत मिखाईलचे जुने चर्च 1806 ते 1809 या काळात नव्याने बांधले गेले आणि ते त्या घराण्याची उसिपाल्नित्सा झाले. क्रेमलिनमधल्या ज्या कॅथेड्रलात झार पुरले आहेत तेही मिखाईलचेच. हा योगायोग असेलही, पण लिथुआनियाच्या राजवंशापर्यंत आपले मूळ नेणाऱ्या घराण्याला तो नक्कीच गोड लागला असेल. नातालिया पेत्रोव्ना गोलित्सिना येथेच निजली आहे. दरबारात दरारा असलेल्या या म्हातारीला ओठांवरच्या लवीमुळे लोक मागून मिशीवाली राजकन्या म्हणत. पुश्किनच्या 'इस्पिकची राणी' या 1834 मधल्या कथेतली म्हातारी काउंटेस तिच्यावरूनच बेतलेली आहे असे दरबारात सगळे म्हणत होते आणि पुश्किनने आपल्या डायरीत तशी नोंदही केली आहे. मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो. 1837 च्या आरंभी पुश्किन द्वंद्वात गेला आणि नव्वदी ओलांडलेली ही बाई त्याच वर्षाच्या अखेरपर्यंत जगली. तिचा मुलगा द्मित्री व्लादिमिरोविच नेपोलियनविरुद्धच्या बोरोदिनोच्या लढाईत होता, 1820 पासून 1843 पर्यंत तो मॉस्कोचा गव्हर्नर जनरल होता आणि नेपोलियनच्या स्वारीत जळालेले शहर त्याच्या कारकिर्दीत पुन्हा उभे राहिले. तो पॅरिसमध्ये वारला, पण त्याला आणून पुरले ते याच चर्चमध्ये.

माझ्या मित्राचे एक म्हणणे मला मान्य करावेच लागेल. ही सगळी वैभवशाली माणसे भूदासांचे, म्हणजे जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांचे, मालक होती आणि त्या संगमरवराचे पैसे शेतात राबणाऱ्यांच्या पाठीतून निघाले होते. एवढेच कशाला, याच मठाच्या दफनभूमीत दार्या साल्तिकोवाही आहे, जिच्यावर 38 भूदासांच्या हत्या सिद्ध झाल्या आणि 1768 मध्ये जिला जन्मठेप झाली. मान्य. पुढे जाऊ या.

पुढे जायचे, कारण "सपाट करायला हवी होती" असे म्हणणाऱ्याला हे ठाऊक नाही की सपाट करण्याचे काम झालेलेच आहे. 1917 च्या क्रांतीनंतर मठ बंद झाले, चर्चे पाडली गेली आणि थडग्यांचे दगड निघाले. मॉस्कोतले ख्रिस्त तारणहाराचे प्रचंड कॅथेड्रल 1931 मध्ये सुरुंग लावून उडवले गेले, त्याची काही उठावशिल्पे आजही दोन्स्कोयच्या तटाला लावलेली दिसतात. 1930 च्या दशकात हा मठ वास्तुकलेच्या संग्रहालयाकडे आला. शहरभरच्या पाडकामांतून जे काही वाचवण्याजोगे आहे असे कलाइतिहासकारांना पटवून देता आले, ते इथे आणून ठेवले गेले. लाल चौकाजवळच्या बोगोयाव्लेन्स्की मठात गोलित्सिनांचे याहून जुने दफनस्थान होते. तिथल्या दोन गोलित्सिनांच्या, एक फील्डमार्शल आणि एक सेनेटर यांच्या, समाध्या 1770 च्या दशकात हूदों या फ्रेंच शिल्पकाराने घडवलेल्या. त्याही उचलून इथे आणल्या. मला त्या दाखवताना ती राखणदार बाई म्हणाली होती, "दगड आले. माणसे तिथेच राहिली."

आता कोमुनाल्काचा अर्थ लागतो ना? एका घराण्याने फक्त आपल्यासाठी बांधलेल्या चर्चमध्ये बेघर झालेल्या परक्या थडग्यांना खोल्या मिळाल्या. मालकी गेली म्हणून इमारत वाचली. हे काम क्रांतीच्या देशातल्या, सरकारी पगारावरच्या, बहुधा रोज भीतीत जगणाऱ्या माणसांनी केले आणि ते त्यांनी सरंजामदारांच्या प्रेमापोटी केले असे मानणारा माणूस मूर्ख तरी असला पाहिजे किंवा आळशी तरी. त्यांनी सगळे वाचवले नाही हेही मला कबूल आहे. हूदोंचा हात लागलेला दगड वाचला आणि साध्या दगडाखालचा कारकून नाहीसा झाला, म्हणजे मेल्यानंतरही श्रीमंतांचाच फायदा झाला, असे कोणी म्हणाले तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

पण मारिया सोबाकिनाची समाधी पाहिल्यावर हा हिशेब करण्याची माझी तरी इच्छा उरली नाही. शिल्पकार इवान मार्तोसने ती 1782 मध्ये घडवली. मागे एक पिरॅमिड आहे, त्यावर तरुण सोबाकिनाची बाजूने दिसणारी मुद्रा आहे, खाली एक शोक करणारी स्त्री बसली आहे आणि दुसऱ्या बाजूला मृत्यूचा तरुण देवदूत आयुष्याची मशाल विझवता विझवता मान वर करून सोबाकिनाच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला आहे. आपले काम करताना मृत्यूलाच वाईट वाटते आहे, असे दगडात मी दुसरीकडे कुठेही पाहिलेले नाही. आमच्या गटातली सगळी मंडळी लाल चौकात मिनिन आणि पोझार्स्कीच्या पुतळ्यासमोर उभे राहून फोटो काढणार आहेत. तो पुतळाही मार्तोसचाच आहे. त्यातले कोणीही त्याने जिथे मन ओतले तिकडे फिरकणार नाही, कारण तिथे थडगी आहेत.

त्या दिवशी राखणदार बाईने खिशातून फडके काढले आणि त्या शोक करणाऱ्या स्त्रीच्या वस्त्राच्या चुण्यांतली धूळ बोटाने ढकलत पुसली. घरच्या आजारी माणसाचे अंग पुसावे तशी. मी पाहते आहे हे लक्षात आल्यावर तिने फडके पुन्हा खिशात टाकले आणि म्हणाली, "माझी आजी मालकांची होती. यांची नाही, दुसऱ्यांची." तिच्या आवाजात ना राग होता ना क्षमा. मी माझ्या पाठ केलेल्या शोषकांसकट गप्प झाले.

आणि ज्या गोलित्सिनांना शिक्षा व्हायला हवी असे माझ्या मित्राला वाटते, त्यांना ती झाली आहे, काळजी नसावी. झारच्या शेवटच्या पंतप्रधानाचे आडनाव गोलित्सिन होते. त्याला 1925 मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. ज्या व्लादिमिर मिखाइलोविच गोलित्सिनने 1897 ते 1905 या काळात मॉस्कोचे महापौरपद सांभाळले, त्याला म्हातारपणी शहर सोडावे लागले आणि 1932 मध्ये तो द्मित्रोव नावाच्या लहान गावी वारला. ज्या घराण्याचे स्वतःचे दफनाचे चर्च होते, त्या घराण्यातल्या मॉस्कोच्या महापौराला मॉस्कोत मरतासुद्धा आले नाही. यावरही कोणाला अंगठा उमटवायचा असेल तर खुशाल उमटवावा.

इथवर लिहिताना माझा राग बराच ओसरला आहे, कारण मित्रावर रागवावे तर आधी फेब्रुवारी 1986 मधल्या त्या सपाता घातलेल्या पोरीवर रागवावे लागेल. 1991 नंतर मठ चर्चकडे परत आला, तिथे पुन्हा साधू राहू लागले आणि 2008 मध्ये लेखक सोल्झेनित्सिनला तिथेच पुरले. मला मात्र त्या मठाची आठवण आली की त्या दिवशीचा शेवट आठवतो.

निघताना मी सपाता काढत होते तेव्हा त्या बाईने विचारले की तुमच्याकडे माणसांना कुठे पुरतात. मी म्हटले, आम्ही पुरत नाही, जाळतो. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि हनुवटीने खिडकीकडे, मठाच्या तटापलीकडे खूण केली. "इथेही जाळत," ती म्हणाली. मग आवाज अगदी खाली आणून तिने दोनच शब्द जोडले, "रात्रीसुद्धा." मला वाटले की परदेशी मुलीला ती परिसराची माहिती देते आहे. पलीकडच्या नव्या दफनभूमीत एका चर्चच्या इमारतीत 1927 मध्ये मॉस्कोचे पहिले दहनगृह सुरू झाले होते, तेवढे मला पुस्तकातून ठाऊक होते. मी तसे सांगितले आणि वर्ष बरोबर सांगितल्याबद्दल तिच्याकडे शाबासकीच्या अपेक्षेने पाहिले.

नव्वदीच्या दशकात पुण्यात बसून मी वाचले की स्टालिनच्या काळात गोळ्या घातलेल्यांचे मृतदेह रात्री त्या दहनगृहात आणले जात. तिथल्या 1 क्रमांकाच्या सामायिक कबरीत 1930 ते 1942 पर्यंतची, कोणी न्यायला न आलेली राख आहे. त्यात नाट्यदिग्दर्शक मेयरहोल्ड आहे, लेखक बाबेल आहे, मार्शल तुखाचेव्स्की आहे, आणि नावे नसलेली कितीतरी माणसे आहेत. त्या बाईने "रात्रीसुद्धा" म्हटल्यावर माझ्या हातातून सपाता घेतल्या होत्या, त्यांची जोडी नीट लावून पेटीत ठेवली होती आणि मी दाराबाहेर पडेपर्यंत ती खिडकीकडेच पाहत उभी होती.