सेंट लुसियाचे सुवर्णपदक आणि आपली तुलना

ऑलिंपिक आले की आपल्याकडे एक वाक्य हमखास वाचायला मिळते : एवढेसे देश सुवर्णपदक जिंकतात आणि एकशे चाळीस कोटींच्या भारताला ते जमत नाही. पॅरिसनंतर या वाक्यात सेंट लुसियाची धावपटू ज्युलियन आल्फ्रेड हिचे नाव येऊ लागले. मला ही तुलना मनापासून खटकते. आपल्या खेळाडूंवर तर तीत अन्याय होतोच, पण ज्युलियनवर त्याहून अधिक होतो.

3 ऑगस्ट 2024 रोजी, पावसाने भिजलेल्या ट्रॅकवर, तिने 100 मीटरची अंतिम शर्यत 10.72 सेकंदांत जिंकली. अमेरिकेची शाकॅरी रिचर्डसन 0.15 सेकंदांनी मागे राहिली, आणि एवढ्या छोट्या शर्यतीत हे अंतर फार मोठे असते. शर्यत संपताच ज्युलियनने अंगावरची नावाची पट्टी ओढून काढली आणि उंचावून दाखवली. सुमारे 1 लाख 80 हजार वस्तीच्या त्या कॅरिबियन बेटाचे हे ऑलिंपिकमधील पहिलेच पदक.

मात्र हे पदक बेटावर घडले नाही. ज्युलियनच्या बाराव्या वर्षी तिचे वडील गेले. चौदाव्या वर्षी ती घर सोडून जमैकाला गेली आणि पुढे अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात घडली. लहानपणी आपण अनवाणी, शाळेच्या गणवेशात धावत होतो, हे तिनेच सांगितले आहे. 2009 मध्ये सेंट लुसियातील व्यू फोर्ट येथील सेंट ज्यूड रुग्णालयाला आग लागली, तेव्हा ते तिथल्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये हलवावे लागले आणि पॅरिस ऑलिंपिक होईपर्यंतही ते तेथेच होते. ज्या देशाला रुग्णांसाठी स्टेडियम द्यावे लागते, त्या देशाची मुलगी जगातील सर्वांत वेगवान ठरली, याचे कौतुक लोकसंख्येचा भागाकार करून कसे होणार?

ज्युलियन जिंकली त्याच संध्याकाळी डॉमिनिका या दुसऱ्या कॅरिबियन बेटाच्या थिया लाफाँने तिहेरी उडीत 15.02 मीटरची झेप घेऊन आपल्या देशाला पहिले पदक मिळवून दिले. तीही बालपणीच कुटुंबासह अमेरिकेत गेलेली. (दोनच दिवस आधी कांस्यपदक जिंकलेला आपला कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळेही कोवळ्या वयातच घर सोडून क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला होता.)

म्हणूनच, पदकांना लोकसंख्येने भागण्याऐवजी, खेळण्यासाठी किती मुलांना घर सोडावे लागते हे आपण विचारावे, असे मला वाटते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या ‘ऑलिंपिक सॉलिडॅरिटी’ या मदत योजनेच्या शिष्यवृत्त्या खेळाडूंना मिळतात. तितकीच भरघोस मदत अशा बेटांवरच्या ट्रॅकसाठी आणि प्रशिक्षकांसाठीही मिळायला हवी. सुवर्ण जिंकल्यावर ज्युलियननेही सेंट लुसियात नवे स्टेडियम उभे राहावे, अशीच इच्छा बोलून दाखवली होती.