राज्यघटनेत नसलेले दोन पक्ष

गेल्या आठवड्यात धाकट्या मामांनी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश पुढे ढकलला. त्यात चार विधाने आहेत: अमेरिकेच्या राज्यघटनेने डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोनच पक्षांना मान्यता दिली आहे, बाकीचे पक्ष एकाच माळेचे मणी आहेत, त्यांच्या हातून दोनशे वर्षांत काहीही घडलेले नाही, आणि ते केवळ मते खातात. न्यू जर्सीत नुकताच नागरिक झालेला माझा भाचा त्यावर विचारता झाला, ‘मग मतपत्रिकेवरची बाकीची नावे वाचायचीच नाहीत का?’ म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिले विधान पुढे ढकलण्याआधी तपासायला पाच मिनिटे पुरली असती. त्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. दोन पक्षांचे वर्चस्व टिकते ते निवडणुकीच्या पद्धतीमुळे. अध्यक्षीय निवडणुकीत ४८ राज्यांत सर्वाधिक मते मिळवणाऱ्यालाच त्या राज्याची सगळी निर्वाचक मते, म्हणजे अध्यक्ष प्रत्यक्षात ठरवणारी राज्याच्या वाट्याची मते, जातात. म्हणूनच १९९२ साली अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना देशभरातील जवळजवळ १९ टक्के मते मिळूनही निर्वाचक मत एकही मिळाले नाही.

मण्यांचे म्हणाल, तर १८६९ साली स्थापन झालेला दारूबंदी पक्ष एका मुद्द्यावर उभा होता, समाजवादी पक्ष विचारसरणीवर, आणि माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा १९१२ चा पक्ष उमेदवारी नाकारली गेल्याच्या रागातून, रिपब्लिकन पक्ष फोडून निघाला होता. त्यांची माळ एक कशी?

तिसरे विधान मात्र अज्ञानाची कमाल आहे. कर्ज, पडलेले भाव आणि रेल्वेचे चढे दर यांनी पिचलेल्या शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीने ४ जुलै १८९२ रोजी ओमाहा येथे जो जाहीरनामा मंजूर केला, तो मामांनी एकदा वाचावा. उत्पन्नानुसार चढत जाणारा आयकर आणि टपाल बचत बँका या मागण्या त्यात आहेत. सोबतच्या ठरावांत गुप्त मतदान आहे आणि सिनेटरांची, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्यांची, थेट जनतेकडून निवड आहे, कारण तोवर सिनेटर राज्यांची विधिमंडळे निवडत असत. त्या वर्षी पक्षाला २२ निर्वाचक मते मिळाली. पुढे १८९६ साली डेमोक्रॅटिक पक्षाने चांदीची नाणी मुक्तपणे पाडून चलन वाढवण्याची त्यांची मागणी उचलली, तिच्याबरोबर त्यांचे मतदारही नेले आणि पक्ष विरून गेला. पण टपाल बचत बँका १९१० साली आल्या, आणि आयकर व सिनेटरांची थेट निवड १९१३ साली दोन घटनादुरुस्त्यांनी आली. रेल्वे सरकारी मालकीची करण्याची त्यांची मागणी मात्र पूर्ण झाली नाही, हेही खरे. पण ‘काहीही घडले नाही’ म्हणणाऱ्याने अमेरिकेत आयकर भरणाऱ्या माझ्या भाच्याला तरी विचारावे.

मते खाण्याची गोष्ट अर्धी खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश ५३७ मतांनी जिंकले आणि तेथे ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून अधिक मते होती. त्यांतली सगळी डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर यांनाच गेली असती असे नव्हे, पण इतक्या थोड्या फरकात तो युक्तिवाद फारसा टिकत नाही. तरीही हा दोष अटळ नाही. न्यूयॉर्कमध्ये छोटा पक्ष मोठ्या पक्षाच्याच उमेदवाराला आपल्या नावाखाली उभे करू शकतो. दोन्हीकडची मते एकत्र मोजली जातात, फूट पडत नाही आणि छोट्या पक्षाचे बळही आकड्यांत दिसते. भाच्याच्या न्यू जर्सीत मात्र ही सोय कायद्यानेच बंद आहे.