किल्ल्याला हात लावायचा नाही

शरद ऋतू म्हणजे निरभ्र आकाश, प्राजक्ताचा सडा आणि टिपूर चांदणं, असं ज्यांनी लिहून ठेवलंय त्यांच्या घरात बहुधा लहान मुलं नसावीत. ज्यांच्या घरात आहेत त्यांचा आश्विन असा: दुपारी ऑक्टोबर हीट, संध्याकाळी गडगडाट, धाकट्याचं नाक वाहतंय, थोरलीचा युनिफॉर्म वाळलेला नाही, आणि घटस्थापनेच्या सकाळपासून दर अर्ध्या तासाने एकच प्रश्न, ‘बाबा, किल्ला कधी करायचा?’

या प्रश्नाला ‘आज’ असं उत्तर कधीही देऊ नका. ‘आज’ म्हटलं की मुलं लगेच खाली जातात, मातीचा ढीग करतात, त्यावर एक काठी खोचतात आणि किल्ला झाला म्हणून मोकळी होतात. मग आपण काय करायचं? दिवाळीची रजा आपणही टाकलेली असते.

‘सहामाही झाल्यावर’ हे योग्य उत्तर. चौथीच्या सहामाहीला घरात यूपीएससीचा मान द्यावा. चौथीला इतिहासाचं अख्खं पुस्तक शिवछत्रपतींवर आहे. थोरली म्हणेल, मग किल्ला करता करताच अभ्यास होईल की. असल्या पळवाटा चालू देऊ नका. किल्ला आधी ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये जिंकायचा असतो. तिला विचारा, अफजलखानाची भेट कधी झाली? ‘10 नोव्हेंबर 1659’ असं ती फाडकन म्हणाली की ताबडतोब पुढचा प्रश्न विचारा, कारण आधीचं उत्तर बरोबर आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नसतं.

मधल्या काळात भोंडला येतो. भोंडल्यात गाणी संपल्यावर खिरापत ओळखायची असते आणि डब्यात काय आहे ते कुणाला कळू द्यायचं नसतं. घरात चार वर्षांचा मुलगा असेल तर फेर धरायच्या आधीच ‘आमच्याकडे ना, मटार करंज्या आहेत, पण सांगायचं नाहीये’ ही बातमी वॉचमनपर्यंत पोहोचलेली असते. त्याला सकाळपासून खोटा पदार्थ पढवून ठेवा. आम्ही ‘साबुदाणावडे’ पढवले होते. त्याने ते इमानदारीने सगळ्यांना सांगितलं आणि मग डब्यात वडे नाहीत म्हणून अर्धा तास भोकाड पसरलं.

कोजागरीला गच्चीवर दूध आटत असताना मुलांना हिरकणीची गोष्ट सांगायचा मोह होतो, कारण ती कोजागरीचीच आख्यायिका आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्य मावळल्यावर बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ, आणि चांदण्यात कडा उतरून गेलेली आई. पुढे महाराजांनी तिथे बुरूज बांधला. सांगताना आपला गळा दाटून येतो. माझा सल्ला, सांगू नका. धाकटा शेवटपर्यंत नीट ऐकून घेतो आणि विचारतो, ‘पण बाळाचे बाबा कुठे होते?’

रायगडावर आजवर इतकं लिहून आलंय, पण हा मुद्दा मी कुठे वाचलेला नाही. दूध ढवळता ढवळता आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘असतील कुठेतरी किल्ला करत.’

असो. तर किल्ला.

पहिली गोष्ट म्हणजे कुठला करायचा ते ठरवणं, आणि हे काम मुलांवर सोडण्याइतकं हलकं नाही. आमच्या लहानपणी किल्ला म्हणजे नुसता किल्ला असायचा. वर महाराज, खाली गुहेत वाघ, वाघाच्या शेजारी निर्धास्त चरणारी गाय. त्याला नाव नसायचं. आता तसं चालत नाही. त्यातून 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यामुळे आपल्या पार्किंगवर आंतरराष्ट्रीय जबाबदारी येऊन पडली आहे. बिल्डिंगमधल्या बाबालोकांचा एक ग्रुप काढा. त्यात एकही मूल नको. दोन आठवडे चर्चा करा. राजगड घेतला तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या काढाव्या लागतात, म्हणजे दोन गाड्यांची जागा जाते, आणि दुसऱ्या गाडीचे मालक मुळात नागपूरचे. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे पण किल्ले करतात, पण स्वतःच्या जागेत. सिंधुदुर्गाला चारी बाजूंनी पाणी लागतं आणि आम्ही तर पिण्याच्या पाण्याला टँकर मागवतो. एक गृहस्थ जिंजीवर अडून बसले. जिंजी तामिळनाडूत आहे, तिथे ते स्वतः गेलेले नाहीत, दुसरंही कुणी गेलेलं नाही, त्यामुळे चुका कुणी काढू शकणार नाही, असा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. शेवटी रायगड ठरला, कारण दोघेजण मे महिन्यात रोपवेने जाऊन आले होते.

मग माती. ती आता अंगणात नसते, नर्सरीत पोत्याने मिळते, आणि पोतं डिकीत फुटतं. माती खाली ओतली रे ओतली की मुलांच्या अंगात काहीतरी संचारतं. ज्यांना जेवायला बोलावताना चार हाका माराव्या लागतात, ती न बोलावता धावत येतात, कोपरापर्यंत हात घालतात, चपला काढून नाचतात. इथे ढिलाई केलीत तर संपलं. नेमक्या याच क्षणी मोठ्याने आणि स्पष्ट म्हणायचं, ‘किल्ल्याला हात लावायचा नाही!’

अगदीच हिरमुसली तर त्यांना कामं द्या. बादली धरणे. मोबाइलचा टॉर्च धरणे. ‘जरा बाजूला हो’ म्हटल्यावर जरा बाजूला होणे. हळीव पेरायचं काम मुलांना द्यायला हरकत नाही, असं मला वाटलं होतं. वसुबारसेला पेरले तर पाडव्यापर्यंत छान हिरवळ येते, फक्त ते सगळीकडे सारखे भुरभुरावे लागतात. धाकट्याने आजीच्या लाडवांसाठी आणलेली हळिवाची अख्खी पुडी टकमक टोकावर एकाच जागी रिकामी केली. चौथ्या दिवशी गड सगळा उघडाबोडका आणि टोकावर अभयारण्य. आजी अजून लाडवांचं विचारते आहे.

कारंजं हवंच. त्यासाठी सलाईनची नळी लागते. औषधाच्या दुकानात ती मागताना चेहरा सरळ ठेवा. ‘पेशंट कोण?’ असं काउंटरवरचा माणूस विचारतो. आपण ‘गंगासागर’ म्हणायचं नसतं.

चित्रांचा प्रश्न नाजूक आहे. मावळे, गवळणी, भाजीवाली, बैलगाडी हे सगळं मंडईबाहेरच्या गाड्यांवर मिळतं, आणि सिंहासनावरचे महाराज महादरवाज्याच्या दुप्पट उंच असतात. स्केल चुकलं असं कुणी म्हटलं तर महाराज मोठेच होते, असं म्हणून विषय संपवावा. पण धाकटा हळूच डायनासोर घेऊन येतो. त्याला होळीच्या माळावर जागा हवी असते. थोरलीला राजसदरेसमोर एक स्कूटीवाली बाई हवी असते, कारण ‘बायका नुसत्या दूधच विकतात का?’ ठाम नकार द्या. इतिहासाची मोडतोड म्हणजे काय ते समजावून सांगा. समजावताना मात्र बुरुजाआड आपणच उभे केलेले प्लास्टिकचे हिरवे सैनिक पाठीमागे झाकून धरा. मावळे कमी पडले म्हणून घेतलेले असतात ते, आणि त्यांच्या हातात मशीनगन असते.

फराळाबद्दल वेगळं काही सांगत नाही. कातण मुलाच्या हातात दिलं की करंजीला गोधडीसारखे तुकडे पडतात, आणि चकलीचा सोऱ्या दिला तर पहिली चकली कानात घालून बघितली जाते. आमच्याकडे ते खातं सौभाग्यवतींकडे आहे. मी किल्ल्यावर असतो.

नरक चतुर्दशीला मात्र वर यावं लागतं. बिल्डिंगमधला पहिला फटाका आपलाच वाजला पाहिजे म्हणून थोरली आदल्या रात्री गजर लावून घेते, पहाटे चारचा. चारला आपण उठतो. तेल कोमट करतो, उटणं भिजवतो, पाट मांडतो, कारीट शोधतो. ती उठते साडेसातला, आणि ‘मला का नाही उठवलं’ म्हणून जे रडते त्या आवाजाने नरकासुर पुन्हा उठून बसावा. उटण्याने धाकट्याचे डोळे चुरचुरतात. कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, तर त्यांचा डावा पाय कोणता यावर मतभेद होतात. तरी हे उरकून साडेआठला खाली पोहोचता येतं. मी पोहोचलो आहे.

आता स्पर्धा. परीक्षक धनत्रयोदशीपासून पाडव्यापर्यंत कधीही येतात, म्हणून मुलांची तयारी आधीपासून हवी. थोरलीकडून दोन पानं माहिती घोटून घेतली होती. परीक्षक आले. तिने हात मागे बांधून सुरू केलं. रायगड, 6 जून 1674, राज्याभिषेक, हिरोजी इंदुलकर, जगदीश्वराच्या पायरीवरचं ‘सेवेचे ठायी तत्पर’, महादरवाजा, गंगासागर, एका दमात. परीक्षक खूश. म्हणाले, ‘वा! आणि या किल्ल्यात तू काय केलंस बाळा?’

‘मी पाठ केलं,’ ती म्हणाली.

दुसरा नंबर आला. पहिला बी विंगला, पण तिथले एक बाबा धंद्यानेच आरसीसी कन्सल्टंट आहेत, तेव्हा ती काही स्पर्धा म्हणता येणार नाही. बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. बक्षीस मुलीलाच ठेवू द्या. एवढा मोठेपणा आपल्यात असला पाहिजे. मी आतला कर्कटक तेवढा पुढच्या वर्षीच्या बुरुजांसाठी मागून घेतला.

पाडव्याच्या संध्याकाळी परतीच्या पावसाच्या नावाने जो कुणी उरलासुरला पाऊस असतो तो येतो. आमची किल्ल्याची जागा अर्धी छपराखाली आणि अर्धी उघडी आहे. उघड्या अर्ध्यात बाजारपेठ. तुम्ही सुज्ञ असाल तर घरात बसा. मी ताडपत्री घेऊन धावलो. चार कोपरे आणि दोन हात, हे गणित मला चौथीत आलं नव्हतं तसं तेव्हाही आलं नाही. एक कोपरा दातात धरला होता. वर तिसऱ्या मजल्यावर औक्षणाचं ताट तयार, निरांजन लावलेलं, मुलं नव्या कपड्यांत. धाकट्याने विचारलं, ‘बाबा कुठे आहेत?’ आणि गॅलरीतून सौभाग्यवतींचा आवाज सगळ्या सोसायटीने ऐकला, ‘हिरकणीच्या घरी!’

त्यावर काय बोलणार, तोंडात ताडपत्री होती.

भाऊबीज झाली की आपली रजा संपते. मुलांची संपत नाही. ही तफावत कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली असेल ती असो, पण किल्ल्याच्या दृष्टीने घातक आहे. रिवाजाप्रमाणे किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवायचा, म्हणजे आठ-दहा दिवस तो बिनपहाऱ्याचा. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आलात की सरळ लिफ्टकडे जा, पार्किंगकडे बघू नका.

मी बघितलं. महादरवाजा गेला होता. त्या जागी एक रुंद रस्ता होता आणि त्यावरून पिवळा जेसीबी माती घेऊन वर चालला होता. सिंहासनाशेजारी डायनासोर होता, त्याच्या पाठीवर गवळण. स्कूटीवाली बाई थेट राजसदरेत पोहोचली होती. टकमक टोकावरच्या अभयारण्याची अर्धी कापणी होऊन तो चारा गाईपुढे पडला होता, वाघापुढेही. सलाईनची नळी उपटून गंगासागरातलं पाणी सगळ्या बाजारपेठेतून फिरवलं होतं आणि त्यात सहा-सात पोरं कोपरापर्यंत बुडालेली होती, नागपूरकरांची दोन धरून. अंधार पडला होता, डास चावत होते, कुणालाही भूक लागलेली नव्हती. बी विंगची पोरंही इकडेच होती. त्यांचा पहिल्या नंबरचा किल्ला म्हणे अजून कापडाने झाकलेला आहे.

अशा वेळी ओरडायचं, की फोटो काढायचा, की पोरांना आंघोळीला हाकलायचं, यावर तज्ज्ञांची मतं काहीही असोत, माझा अनुभव सांगतो. मी लॅपटॉपची बॅग खाली ठेवली, बाह्या वर केल्या, आणि तो रस्ता जरा तिरका घ्यायला हवा होता, चढ कमी झाला असता, एवढंच म्हणत वाकलो.

‘बाबा,’ धाकटा वर न बघता म्हणाला, ‘हात लावायचा नाही.’

थोरलीने मात्र माझ्याकडे नीट बघितलं, थोडा विचार केला, आणि बादली माझ्या हातात दिली. ‘ही धरा. आणि जरा बाजूला व्हा.’

बादली धरताना ती अंगापासून थोडी लांब धरावी, नाहीतर ऑफिसची पँट भिजते.