अरबीचा प्रोफेसर व्हायचंय? मग आधी अरबी बाजूला ठेवा

नेट झालं, सेट झालं, पीएचडीचा गाईड फोन उचलत नाही, आणि तुम्ही अजून अरबी धातूंची रूपं घोकताय? अहो सोडा ते. युरोपात अरबीची गादी, म्हणजे प्रोफेसरची जागा, जिथे जुन्या काळी मांडली गेली, म्हणजे हॉलंडचं लायडन, इंग्लंडचं केंब्रिज, ऑक्सफर्ड, तिथल्या जुन्या मंडळींचे बायोडेटा वाचा, सगळं कळेल.

पहिली गोष्ट, चुकूनही अरबी बोलणाऱ्या घरात जन्म घेऊ नका. कैरोचा एक कॉप्टिक ख्रिश्चन होता, युसूफ इब्न अबू धक्न, युरोपवाल्यांनी त्याचं अबुदाक्नुस करून टाकलं. १६०९ला पॅरिसमध्ये त्याने थॉमस एर्पेनियस नावाच्या डच पोराला अरबी शिकवली, मग ऑक्सफर्डला जाऊन १६१३पर्यंत तिथेही शिकवत होता. पण त्याचा प्रॉब्लेम असा की तो कैरोच्या गल्लीत बोलतात तशी अरबी बोलायचा, पोथीतली त्याला फारशी येत नव्हती, त्यामुळे शिष्यच नाक मुरडायला लागला. आपल्याकडे वऱ्हाडातून आलेल्या माणसाचं मराठी सदाशिव पेठेत ऐकून घेतात ना, तसंच. १६१३ला शिष्य तिशीच्या आत लायडनला प्रोफेसर, आणि गुरुजी अँटवर्प, लूव्हाँ, म्युनिक अशी गावं फिरतायत. समजलं?

दुसरं, पाद्री व्हा. एडवर्ड पोकॉक बघा, ऑक्सफर्डचा अरबीचा पहिला प्रोफेसर. क्वालिफिकेशन काय, तर १६३०पासून पाचेक वर्षं सीरियातल्या अलेप्पोला इंग्रज व्यापाऱ्यांच्या कंपनीचा पाद्री. वर आर्चबिशप विल्यम लॉडला अरबी हस्तलिखितं हवी होती, ती हा गोळा करून देणार, आणि लॉडच युनिव्हर्सिटीचा चॅन्सेलर, मग काय, १६३६ला लॉडने स्वतः गादी काढली आणि याला बसवला. आता माणूस खरंच विद्वान होता हो, त्यात खोट नाही. पण अलेप्पोत ज्या म्हाताऱ्या शेख फतहल्लाने त्याला शिकवलं त्याला कोणी इंटरव्ह्यूचं पत्र पाठवलं नाही. तो बिचारा मरताना म्हणाला म्हणे की पोकॉक मला स्वर्गात नक्की भेटेल. स्वर्गात बरं का, ऑक्सफर्डला नाही. आणि दरवेश अहमद म्हणून जो दुसरा होता तो अलेप्पोत बसून हस्तलिखितांच्या नकला करून पाठवतोय. त्याला आपण सीएचबी, म्हणजे तासावर पैसे घेणारा मास्तर, म्हणू.

मात्र एक सावधगिरी बाळगा, गावात विद्वत्ता दाखवली नाही तर लोक तुम्हाला अडाणी समजतात. पोकॉक चिल्ड्री नावाच्या इंग्लंडातल्या खेड्यातही धर्मोपदेशक होता आणि तिथे प्रवचनात लॅटिन फेकायचा नाही. तुमचा पाद्री कसा आहे असं कोणीतरी विचारलं, तर गावकरी म्हणतो, साधा सज्जन माणूस आहे, पण लॅटिन काही येत नाही हो त्याला! नंतर तर हा या कामाला लायक नाही म्हणून काढून टाकायची तयारीही झाली होती.

लिहिण्याचा कंटाळा असेल तर जोसेफ व्हाइटचा मार्ग आहे. विणकराचा पोरगा, स्वतःही मागावर बसलेला, १७७४ला पोकॉकच्याच गादीवर. (याचं खरंच कौतुक, आपल्याकडे विणकराच्या पोराला आधी जात विचारतात.) १७८४ला त्याने ख्रिस्ती धर्म आणि इस्लामची तुलना करणारी जोरदार व्याख्यानं दिली, सगळे खूश. चार वर्षांनी सॅम्युअल बॅडकॉक नावाचा गृहस्थ वारला आणि त्याच्या कागदांत व्हाइटच्या सहीची पाचशे पौंडांची चिठ्ठी निघाली, व्याख्यानं लिहून दिल्याबद्दल! तेव्हा रेट विचारून घ्या, आणि चिठ्ठी देऊ नका, कॅश द्या.

पगाराचं विचारताय? केंब्रिजची अरबीची गादी थॉमस अ‍ॅडम्स नावाच्या कापड व्यापाऱ्याने १६३२ला काढली, वर्षाला चाळीस पौंड. १७११ला तिथे सायमन ओक्ली बसला, तोही अर्थात पाद्रीच, अरब देश कधी पाहिला नाही, पण ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीतली हस्तलिखितं उपसून अरबांचा इतिहास लिहिला. घरात सहा पोरं. १७१७ला कर्ज थकलं म्हणून केंब्रिजच्या किल्ल्यातल्या तुरुंगात. आणि तिथून पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाची प्रस्तावना लिहिताना काय म्हणतो, तर इथल्या सहा महिन्यांत जेवढी निवांत सवड मिळाली तेवढी बाहेर त्याच्या तिप्पट वर्षांत मिळाली नव्हती. तुमचं प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अडलं असेल तर बघा, राहायची-जेवायची सोयही होते.