ढाक्याची गोष्ट अर्ध्यावर का सोडता?

‘स्पष्टवक्ता’ यांस,

बालमजुरीविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारांवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं: करार म्हणजे नुसता कागद; अमेरिकेनं स्वतः संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता मान्य केलेली नाही; ढाक्यात परदेशी कळवळ्यापायी हजारो पोरं रस्त्यावर आली. आणि शेवटी, ‘एसीत बसून लिहिणाऱ्या बाईंना भूक काय कळणार?’

अमेरिकेचा मुद्दा मान्य. १९८९ ची ती संहिता भारतानं १९९२ मध्ये स्वीकारली, अमेरिकेनं आजही नाही. कागदाबद्दल म्हणाल तर तो टोमणा दर लेखाखाली येतो, त्यावर शब्द खर्च करत नाही.

आता एसीबद्दल. माझे आई-अण्णा ऊसतोडीला जायचे, बीडहून कोल्हापूरकडे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल निघण्याआधीच संपलेली असायची. दोघं पहाटे उसाच्या फडात गेली की कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायचं, पाणी आणून ठेवायचं आणि ऊन कलल्यावर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधायला जायचं, हे माझं काम. उसाच्या पात्यानं बोटं चिरतात आणि त्यावर घाम उतरला की कसं चरचरतं, ते मला पुस्तकातून कळलेलं नाही. गावच्या शाळेच्या हजेरीपटावर मात्र मी त्या दिवसांतही हजर असायचे! तेव्हा भूक कुणाला कळते, याचा दाखला तुमच्याकडून घ्यायची मला गरज नाही. लेख खोडून काढा, हवा तेवढा काढा. पण समोरची व्यक्ती कोण, कुठून आली, याची साधी चौकशी न करता टोपणनावाआडून असं बोलायचं, ही कुठली रीत?

आणि ज्या ढाक्याच्या जोरावर तुम्ही हे बोलता, ती गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितली. १९९२ मध्ये टॉम हार्किन यांनी अमेरिकी सेनेटमध्ये विधेयक आणलं, की मुलांच्या हातून तयार झालेला माल देशात येऊ द्यायचा नाही. ते कधी मंजूर झालंच नाही. पण नुसत्या धास्तीनं बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखानदारांनी मुलांना काढून टाकलं, सुमारे पन्नास हजार. कुणी खडी फोडायला लागलं, काही मुली देहविक्रयात ओढल्या गेल्या. मी हे नाकारलेलं नाही. हे सगळ्या जगापुढे मांडलं युनिसेफनंच, १९९७ च्या अहवालात. ज्यांच्या कळवळ्याला तुम्ही नावं ठेवता, त्यांनीच.

पण मी लेखात म्हणते ते आंतरराष्ट्रीय सहकार्य यात कुठं होतं? एका बड्या गिऱ्हाईक देशानं डोळे वटारले आणि मालकांनी पोरांना दार दाखवलं. सहकार्य आलं ते त्यानंतर. ४ जुलै १९९५ ला ढाक्यात कारखानदारांची संघटना, आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि युनिसेफ यांनी करार केला. चौदा वर्षांखालचं मूल नव्यानं कामावर घ्यायचं नाही. जी आहेत त्यांना शाळेत जागा झाल्याशिवाय काढायचं नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाला महिन्याला ३०० टाका (बांगलादेशी चलन) द्यायचे, आणि हे पाळलं जातं का ते कारखान्यात जाऊन तपासायचं. तीनशे टाक्यांत बुडालेला पगार भरून निघत नव्हता, आधीच हाकललेल्यांतली कितीतरी मुलं परत सापडलीही नाहीत. तरी आधी शाळा आणि मग कामातून सुटका, हा क्रम त्या करारानं लावला. हाच क्रम मला फडातल्या मुलांसाठी हवा आहे. आमच्या तळावर साखरशाळा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीची शाळा, निघाली म्हणून मी शिकले. ती निघायच्या आधी कुणी नुसतीच बंदी घातली असती तर मी कोपीतच बसून राहिले असते.

बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांबद्दलचा आयएलओचा १८२ क्रमांकाचा करार भारतानं २०१७ मध्ये मान्य केला. मुलाला कामातून काढायचं तर त्याच्या पुनर्वसनाची आणि मोफत शिक्षणाची सोयही करायची, हे त्यात लिहिलेलं आहे. तो वाचायची तसदी घ्या.

बाकीच्या मुद्द्यांना मूळ लेखात उत्तर आहे. पुन्हा जरूर लिहा, मी प्रतिक्रिया काढून टाकत नाही. फक्त ढाक्याचं नाव घ्याल तेव्हा १९९५ पर्यंत या, आणि माझ्या भुकेचा हिशेब माझ्याकडेच राहू द्या.