हात लावू नको, रंग जातो

आज सकाळी वाईजवळच्या मेणवलीला गेले होते. घरी येऊन चार तास झाले, चहा दोनदा झाला, तरी डोकं शांत होत नाहीये. म्हणून लिहितेय.

नाना फडणवीसांच्या वाड्यात जुनी भित्तिचित्रं आहेत. माझ्यासमोर एका मुलीने बोटाला थुंकी लावली आणि चित्रावर घासली. कशासाठी? ओलं झालं की रंग उठतो, फोटो छान येतो! मी ओरडलेच. तिच्यासोबतचा मुलगा म्हणाला, "काकू, चिल. जुनंच तर आहे."

जुनंच तर आहे!!

मी नऊ वर्षांची होते तेव्हा वाईच्या आत्याने मला इथे आणलं होतं. तेव्हा मीही असाच हात पुढे केला होता. तिने मनगट धरून मागे ओढलं. "हात लावू नको, घामानं रंग जातो. डोळ्यांनी बघ." आत्या चौथी शिकलेली. तिला हेरिटेज-बिरिटेज कुणी शिकवलं नव्हतं.

अरे, कुणाचं घर आहे हे? १७६८ मध्ये मेणवली गाव नानांना इनाम मिळालं. मग त्यांनी कृष्णाकाठी सहा चौकांचा हा वाडा बांधला, घाट बांधला, विष्णूचं आणि मेणेश्वराचं देऊळ उभं केलं. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला. आज आपण तिथे तटबंदी आणि जोती बघतो. इथे मात्र सागवानी खांब, तुळया, नानांचा पलंग सगळं जागेवर आहे. पेशवाईतली मोठी माणसं राहायची कशी, उजेड घरात कुठून यायचा, पुढच्या चौकातून मागच्या चौकात जाताना कसा थंडावा लागतो, हे पुस्तकात नाही कळत. इथे उभं राहून कळतं.

आणि कागद! नाना मुळात फडावरचा, म्हणजे पेशव्यांच्या हिशेबाच्या कचेरीतला माणूस, चिठ्ठीचपाटी जपणारा. त्यांचं मेणवली दप्तर याच घरात राहिलं. पारसनीसांसारख्या अभ्यासकांच्या हाती ते पडलं, म्हणून उत्तर पेशवाईतलं कितीतरी आज आपल्याला ठाऊक आहे. जुनंच तर आहे म्हणे.

घाटावर आणखी वेगळी तऱ्हा. इथे 'स्वदेस'चं शूटिंग झालं होतं, म्हणून येणारे "शाहरुखवाला घाट कुठला?" एवढंच विचारतात. शेजारी घंटा टांगली आहे, तिच्याकडे मान वळत नाही. वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून आलेली, १७०७ सालची घंटा. जवळ जाऊन बघा, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. शंकराच्या देवळापाशी मेरी! आत्याने मला तिथे कडेवर उचलून घेतलं होतं, नऊ वर्षांच्या घोडीला, ते बाळ दिसावं म्हणून.

हो, वाडा खासगी आहे, एवढं लाकूडकाम सांभाळायला पैसा लागतो आणि शूटिंगचं भाडं त्याला उपयोगी पडतं. मान्य. पेशवाईतल्या अन्यायाचं काय, असंही कुणी कमेंटमध्ये विचारेल. जरूर विचारा, तोही हिशेब याच वाड्यांत दडलाय. पण म्हणून भिंतीला थुंकी लावायची? जयपूरला जाऊन हेच लोक तिकीट काढून, हात मागे बांधून, कुजबुजत हवेल्या बघतात. आपल्या घरच्या वाड्यात आल्यावर यांचा हात का सुटतो?

लिहितालिहिता राग थोडा उतरलाय. ती मुलगी विशीतली असेल. मी ओरडल्यावर तिने ओढणीच्या टोकाने ती जागा हळूच टिपायचा प्रयत्न केला, आणि मी आणखीच ओरडले, "पुसू नकोस गं!" घाबरून गेली बिचारी. तिचं मनगट लहानपणी कुणी धरलं नसणार. मी तिला आत्याची गोष्ट सांगायला हवी होती, नुसतं ओरडून निघून यायला नको होतं. ते आता लागून राहिलंय.

आत्ताच आत्याला फोन केला. ८३ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं. सगळं ओरडून ओरडून सांगितलं. थुंकीचं ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "त्यातला लाल आहे का गं अजून?"

आहे म्हटलं.